शिक्षा नाही, तरी कुलूप: इमिग्रेशनची स्थानबद्धता म्हणजे नक्की काय?

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझं टायपिंग आणि भाषांतराचं छोटं दुकान आहे. जन्माचे दाखले, प्रतिज्ञापत्रं, लग्नाची प्रमाणपत्रं, मराठीतून गुजरातीत आणि दोन्हींतून इंग्रजीत, हे रोजचं काम. २०२५ च्या उन्हाळ्यात रावपुऱ्यातल्या एक काकू दोन पानांची प्रिंट घेऊन आल्या. बहिणीचा मुलगा अमेरिकेत, टेक्सासमधल्या एका केंद्रात होता. चौथा महिना लागला होता. काकू पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "अरे, ह्यात बघ ना, किती वर्षांची शिक्षा लिहिलीय? बहीण रोज विचारते."

दोन्ही पानं मी दोनदा वाचली. ती हजर राहण्याची नोटीस होती. हा मुलगा अमेरिकेचा नागरिक नाही, अमुक तारखेला सीमा ओलांडून आला, त्याच्याकडे वैध कागद नव्हते, अमुक न्यायालयात त्याने हजर व्हावं. बस, एवढंच. शिक्षेचा उल्लेख कुठेच नव्हता. तसं सांगितल्यावर काकूंचा चेहरा क्षणभर खुलला आणि लगेच पडला. "शिक्षाच नाही, तर मग सोडत का नाहीत?"

त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही. नंतर वाचत गेलो, वकिलांना विचारत गेलो. हा प्रश्न आता आपल्याकडे एकट्या काकूंचा राहिलेला नाही. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात ३३ जण गुजरातचे होते आणि तिघं महाराष्ट्राचे. हातांत बेड्या, पायांत साखळ्या. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्रमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं की अशी बांधणी २०१२ पासूनच्या तिथल्या कार्यपद्धतीचा भाग आहे. टीव्हीवर ते पाहून कोपऱ्यावरच्या चहाच्या लारीवर सगळ्यांच्या तोंडी एकच होतं, "बेड्या आहेत म्हणजे गुन्हा केलाच असेल." इथूनच घोटाळा सुरू होतो.

अटक, शिक्षा आणि स्थानबद्धता

चोरीच्या आरोपात पोलिसांनी कुणाला उचललं, तर पुढचा रस्ता आपल्या ओळखीचा आहे. २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, मग आरोपपत्र, ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील, खटला, आणि शिक्षा झालीच तर सुटकेची तारीख ठरलेली. इमिग्रेशनची स्थानबद्धता ह्या रस्त्याला लागतच नाही. परदेशी माणसाला देशात राहू द्यायचं की परत पाठवायचं हे ठरेपर्यंत, किंवा ठरल्यावर परत पाठवण्याची सोय होईपर्यंत, त्याला बंद ठेवणं म्हणजे स्थानबद्धता. कायद्याच्या लेखी ती प्रशासकीय कारवाई आहे, शिक्षा नव्हे.

बडोदा स्टेशनची वेटिंग रूम डोळ्यांसमोर आणा. तुमची गाडी कधी लागणार ते बोर्डावर नाही. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला तुमची भाषा येत नाही. उठून बाहेर जावं म्हटलं तर दाराला बाहेरून कुलूप. तुम्हाला कुणी शिक्षा दिलेली नाही, तुम्ही फक्त थांबलेले आहात, असं सगळे सांगतात.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेद १८९६ सालीच केला होता. वाँग विंग नावाच्या चिनी माणसाला, देशात राहण्याचा हक्क नाही म्हणून, रीतसर खटला न चालवता ६० दिवसांची सक्तमजुरी दिली गेली होती. न्यायालय म्हणालं, परत पाठवायच्या तयारीपुरतं ताब्यात ठेवता येईल, पण खटल्याविना शिक्षा देता येणार नाही, आणि घटनेचं हे संरक्षण परक्या माणसालाही आहे. ह्या निकालाला सव्वाशे वर्षं उलटून गेली, तरी वाद तिथेच घुटमळतोय. ताब्यात ठेवणं कुठे संपतं आणि शिक्षा कुठे सुरू होते?

आत काय असतं

काकूंच्या बहिणीला फोन यायचा तो आपल्या सकाळी साडेसातला, म्हणजे तिथल्या रात्री नऊला. घरात कुकरची शिट्टीसुद्धा त्या वेळी कुणी होऊ द्यायचं नाही. मुलगा सांगायचा, कपडे त्यांचेच, ठरलेल्या रंगाचे. दिवसातून किती तरी वेळा मोजणी होते, तेव्हा आपापल्या खाटेवर बसायचं. रात्री दिवे पूर्ण मालवत नाहीत, म्हणून डोळ्यांवर टॉवेल घेऊन झोपायचं. पण त्याचा पहिला प्रश्न रोज एकच असायचा, "काही कागद आला का?" आत बसलेल्या मुलाला आपल्याच प्रकरणात काय चाललंय ते कळावं म्हणून बडोद्याला फोन करावा लागत होता.

हे कपडे, मोजण्या, तारेची कुंपणं तुरुंगातूनच आलेली आहेत. अमेरिकेतली अशी केंद्रं बहुतेक खासगी कंपन्या चालवतात, दर दहातले जवळपास नऊ जण त्यांच्याकडे असतात, आणि सरकार पैसे मोजतं ते माणशी, दिवसागणिक. आत झाडलोट किंवा स्वयंपाकाचं काम केलं तर दिवसाला किमान १ डॉलर मिळतो. हा दर १९५० साली ठरला, तोच चालू आहे. २०२५ च्या सुरुवातीला तिथे सुमारे ३९ हजार लोक असे बंद होते. त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत तो आकडा ६० हजारांच्या पुढे गेला, आणि जुलैत तिथल्या संसदेने नव्या केंद्रांसाठी ४५ अब्ज डॉलर मंजूर केले.

दुर्लक्ष किती टोकाला जाऊ शकतं ते जपानात दिसलं. मार्च २०२१ मध्ये नागोयाच्या केंद्रात श्रीलंकेची ३३ वर्षांची तरुणी वारली. विद्यार्थिनी म्हणून आली होती, व्हिसाची मुदत संपून गेली होती, एवढाच तिचा दोष. कित्येक आठवडे ती उलट्या करत होती, वजन घटत होतं, दवाखान्यात न्या म्हणून विनवत होती. शिक्षा झालेली नसलेल्या माणसाचा जीव त्या कोठडीत गेला. जपानमध्ये एवढा संताप उसळला की स्थानबद्धतेच्या कायद्यातले जे बदल सरकार त्या वर्षी आणू पाहत होतं, ते मागे घ्यावे लागले.

किती दिवस? इथेच खरी मेख आहे

कैद्याला निदान दिवस मोजता येतात. स्थानबद्ध माणसाला उलटी मोजणी करायला आकडाच नसतो. मला विचाराल तर ह्या सगळ्यातला सर्वांत क्रूर भाग हाच आहे, जेवणाखाणापेक्षा आणि बेड्यांपेक्षाही.

देशोदेशी नियम निराळे. युरोपीय संघाने २००८ साली कमाल मर्यादा घातली: सहा महिने, अपवादाने वाढवून एकूण १८. ब्रिटनमध्ये प्रौढांसाठी कायद्यात मर्यादाच नाही. अमेरिकेत ज्याला परत पाठवण्याचा आदेश निघालाय पण त्याचा देश घ्यायला तयार नाही, अशाला साधारण सहा महिन्यांपलीकडे उगीच ठेवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये म्हटलं. पण ज्याचा निकालच लागायचा आहे, त्याच्या जामिनाचा ठरावीक काळाने फेरविचार करा असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, असं त्याच न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. काकूंचा भाचा ह्या दुसऱ्या रांगेतला.

ऑस्ट्रेलियाने १९९२ पासून कागद नसलेल्या प्रत्येकाला बंद ठेवणं सक्तीचं केलं. २००४ मध्ये तिथल्या उच्चतम न्यायालयाने, चार विरुद्ध तीन मतांनी, एखाद्याला कुठलाच देश घेत नसेल तर त्याला बेमुदत आत ठेवता येतं असं मान्य केलं. तो निकाल पुसायला नोव्हेंबर २०२३ उजाडावा लागला. परत पाठवणं शक्यच नसेल तर बंद ठेवणं ही शिक्षाच आहे आणि शिक्षा फक्त न्यायालय देऊ शकतं, असं त्या वेळी सातही न्यायाधीश म्हणाले.

नाताळच्या आदल्या दिवशीचं न्यायालय

ह्याहून वेगळंही घडू शकतं. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराहून मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाला निघालेलं विमान इंधनासाठी फ्रान्समधल्या व्हात्री नावाच्या छोट्या विमानतळावर उतरलं. आत ३०३ भारतीय, त्यांत बरेच गुजराती. मानवी तस्करीचा निनावी निरोप आला म्हणून विमान अडवलं. कबूतरबाजी, म्हणजे माणसं चोरून परदेशी पोचवण्याचा धंदा, हा शब्द बडोद्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

फ्रान्सचा नियम असा की परदेशी माणसाला विमानतळाच्या प्रतीक्षा-क्षेत्रात पोलीस आपल्या अधिकारात चारच दिवस ठेवू शकतात. पुढे एक दिवस जरी ठेवायचा तर न्यायाधीशाची परवानगी हवी, तीही आठ दिवसांपुरती. चार दिवस संपत आले रविवारी, २४ डिसेंबरला. तेव्हा न्यायाधीश, वकील, दुभाषे असा सगळा लवाजमा त्या विमानतळावर गेला आणि तिथेच तात्पुरती न्यायालयं बसली. २६ तारखेला पहाटे २७६ जण मुंबईला परतले. २५ जणांनी तिथे आश्रय मागितला.

ह्यातल्या बहुतेकांना घरी परत यावंच लागलं. मनासारखं झालं असं त्यांच्यापैकी कुणी म्हणणार नाही. पण कुणी कोणाला विसरून गेलं नाही. घड्याळ सरकारच्या मानेवर होतं.

"पण चोरून गेलाच कशाला?"

हा आक्षेप मला घरातूनच ऐकायला मिळतो, आणि तो खोटा नाही. जमीन विकून एजंटला पैसे द्यायचे, जंगलं तुडवत जायचं, ह्या वेडाने माणसं मेली आहेत. जानेवारी २०२२ मध्ये गांधीनगर जिल्ह्यातल्या डिंगुचा गावचं चार जणांचं कुटुंब कॅनडा-अमेरिका सीमेवर बर्फात गोठून गेलं. त्यात दोन लहान मुलं होती.

पण नीट पाहा. अमेरिकेत चोरून सीमा ओलांडणं हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी जास्तीत जास्त सहा महिन्यांची कैद. त्या गुन्ह्याखाली खटला भरला तर वकील मिळतो, न्यायाधीश असतो, शिक्षेला तारीख असते. खटला न भरता नुसतं स्थानबद्ध केलं तर सरकारी खर्चाने वकील मिळत नाही आणि तारीखही मिळत नाही. व्हिसाची मुदत उलटून राहणं तर तिथे फौजदारी गुन्हाही नाही. म्हणजे आरोपी ठरलेल्या माणसाच्या पदरात जेवढे हक्क पडतात, तेवढेही आरोप नसलेल्याच्या पदरात पडत नाहीत. ज्यांना कायदा कडक हवा आहे, त्यांनाही हे उलटं गणित पटू नये.

त्यात न्यायाधीशही आपल्या ओळखीतले नव्हेत. अमेरिकेत इमिग्रेशनचे न्यायाधीश न्यायसंस्थेत मोडत नाहीत, ते सरकारच्या न्याय खात्याचे नोकर असतात. सोसायटीत सेक्रेटरीने दंड ठोकावा आणि तक्रार ऐकायला त्याच कमिटीतले चेअरमन बसावेत, तसा प्रकार.

आणि आत असलेला प्रत्येक जण डॉलरसाठी गेलेला नसतो. जिवाच्या भीतीने पळालेला माणूस पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायला थांबत नाही. म्हणून १९५१ च्या निर्वासितविषयक कराराच्या ३१ व्या कलमात म्हटलंय की असा माणूस विनापरवाना आला, पण ताबडतोब स्वतःहून समोर आला, तर केवळ त्या प्रवेशासाठी त्याला शिक्षा करू नये.

"सोडलं तर पळून जातील की!"

काही जातीलही. म्हणून आपण प्रत्येक आरोपीला खटला संपेपर्यंत आत ठेवतो का? जामीनदार घेतो, पासपोर्ट जमा करतो, आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी लावतो. इमिग्रेशनमध्येही हेच करता येतं आणि करून पाहिलेलं आहे.

अमेरिकेत २०१६-१७ मध्ये काही कुटुंबांना कोठडीऐवजी समाजसेवकाच्या देखरेखीखाली राहू दिलं. त्यांना तारीख कधी, न्यायालय कुठे, वकील कसा शोधायचा, मुलांना शाळेत कसं घालायचं, हे कुणीतरी त्यांच्या भाषेत सांगत होतं. ९९ टक्के कुटुंबं तारखांना आणि हजेरीला आली. खर्च कुटुंबामागे दिवसाला ४० डॉलरच्या आत. कुटुंबांसाठीच्या कोठडीत एका खाटेचा खर्च दिवसाला ३०० डॉलरच्या आसपास जातो. तरी जून २०१७ मध्ये ही योजना बंद केली गेली.

मला ह्यात नवल वाटत नाही. माझ्याकडे येणारी माणसं तारीख चुकवतात ती बहुधा कागद न समजल्यामुळे.

मराठी माणसाने एक आठवण काढायला हवी. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून सुटलेले सुमारे ५,००० पोलिश लोक १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, गावात येणंजाणं होतं. सगळे परके, बहुतेकांचं घरदार मागे संपलेलं.

आपल्या अंगणात

तिकडच्यांना नावं ठेवताना इकडेही पाहिलं पाहिजे. भारतात परदेशी माणसांना ताब्यात ठेवण्याचा अधिकार १९४६ च्या कायद्यातून आला. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा कायदा लागू आहे. आसाममध्ये परदेशी ठरवलेल्यांना वर्षानुवर्षं जिल्ह्यांच्या तुरुंगांतच, कैद्यांच्या शेजारी ठेवलं जायचं. गोलपाडा जिल्ह्यात मटिया इथे ३,००० जणांसाठी वेगळं केंद्र २०२३ मध्ये सुरू झालं. २०१९ मध्ये आसाममधल्याच एका निवृत्त जवानाला, ३० वर्षं सैन्यात नोकरी केलेल्या माणसाला, परदेशी ठरवून आत टाकलं होतं. उच्च न्यायालयाने जामीन दिला तेव्हा तो सुटला.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये सांगितलं की तीन वर्षांहून जास्त आत असलेल्यांना एक-एक लाखाचे दोन जामीनदार, पत्ता, बोटांचे ठसे आणि आठवड्याची हजेरी घेऊन सोडता येईल. इतका पैसा त्या माणसांकडे कुठून येणार? कोविडच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, मुदत दोन वर्षांवर आली आणि जामीन ५,००० रुपयांवर.

आपल्या घटनेच्या २१ व्या कलमात जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क 'व्यक्ती'ला दिलेला आहे, 'नागरिका'ला नव्हे. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने तेच ठणकावून सांगितलं.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या घरांना हे सगळं फार आधीपासून ठाऊक आहे. मच्छीमार पाकिस्तानच्या हद्दीत शिरले म्हणून पकडले जातात, शिक्षा भोगून होते, आणि नागरिकत्वाची पडताळणी लटकली म्हणून तरीही आत राहतात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. घरचे त्या याद्यांत नाव शोधत बसतात. आपल्या माणसासाठी आपण जे मागतो, तेच मटियातल्या माणसाच्या घरच्यांनाही हवं असतं.

मग बदलायचं काय?

सीमा राखायचा आणि परत पाठवायचा देशाचा हक्क कुणी नाकारत नाही. मागणी साधी आहे: कोठडी हा पहिला उपाय नसावा, शेवटचा असावा. कायद्यात कमाल मुदत लिहावी आणि काही दिवसांत स्वतंत्र न्यायाधीशासमोर उभं करावं. दुभाषा आणि वकील द्यावा. मुलांना कोठडीत ठेवूच नये. अमेरिकेत १९९७ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे मुलांना साधारण २० दिवसांवर ठेवता येत नाही असा दंडक आहे, आणि तो मोडीत काढण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा होतात.

आणि बाहेरची नजर आत पोचावी. छळविरोधी कराराला २००२ मध्ये जोडलेल्या एका पूरक करारानुसार स्वतंत्र तपासनिसांना कुठल्याही कोठडीत, न सांगता सुद्धा, जाता येतं. अमेरिकेने तो स्वीकारलेला नाही. भारताने १९९७ मध्ये मूळ करारावर सही केली, पण त्याला मान्यता देणं अजून बाकी आहे.

युनिव्हर्सिटीच्या हंसा मेहता लायब्ररीवरून आपण रोज जातो. ह्या हंसाबेन बडोद्याच्या दिवाणांच्या कन्या, एम. एस. युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा होत असताना 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारे शब्द काढून 'सर्व मानव' असे शब्द घालायला त्यांनी लावले. त्याच जाहीरनाम्याचं नववं कलम म्हणतं की कुणालाही मनमानीपणे अटक करू नये, स्थानबद्ध करू नये, हद्दपार करू नये. त्यात पासपोर्टची अट नाही.

घरातलं कुणी आत असेल तर

अमेरिकेत प्रत्येकाला नऊ आकडी ए-नंबर दिलेला असतो. तो आणि जन्माचा देश घालून माणूस कुठल्या केंद्रात आहे ते सरकारी संकेतस्थळावर शोधता येतं. फोनवर सगळ्यात आधी तो नंबर लिहून घ्या. भाषा न समजता कुठल्याही कागदावर सही करू नकोस, दुभाषा माग, असं मुलाला सांगा. एजंटने शिकवलेली खोटी कहाणी आश्रयाच्या अर्जात मुळीच घालायची नाही. जाणूनबुजून केलेला खोटा अर्ज उघडा पडला तर पुढचे दरवाजे कायमचे बंद होतात. १९६३ च्या व्हिएन्ना करारामुळे त्याला आपल्या वाणिज्य दूतावासाशी बोलण्याचा हक्क आहे. टेक्साससाठी तो ह्यूस्टनला आहे. पण स्वतःच्याच देशाच्या सरकारची भीती म्हणून आश्रय मागणाऱ्याने आधी वकिलाला विचारावं. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते.

काकूंनी तो नंबर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतला, बहिणीला फोनवर दोनदा वाचून दाखवला, आणि मग मला विचारलं, "'मदद'च्या अर्जाचं टायपिंग किती घेशील?"